पॅटिसचं कूळ

मुंबई-पुण्यात बेकऱ्यांच्या जोडीला आता ‘पातिसरी’ आल्या आहेत. काचेआड टार्ट, एक्लेर, क्रोसाँ. भाव वाचूनच निम्मं पोट भरतं. नाव मात्र वाटतं तेवढं परकं नाही. पातिसरी, पेस्ट्री आणि आपलं बेकरीतलं पॅटिस, तिघांचं कूळ एकच.

मूळपुरुष ग्रीक. तिथे ‘पास्ता’ म्हणजे जवाची लापशी. उत्तरकालीन लॅटिनमध्ये तिचा मळलेला गोळा झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘पास्त’. पुढे फ्रेंचांनी त्यातला ‘त’च्या आधीचा ‘स’ गाळला आणि खूण म्हणून आधीच्या स्वरावर छोटी टोपी चढवली. इंग्रजीने शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून पेस्ट्रीत तो ‘स’ शाबूत आहे, पातिसरीत ‘त’च्या आधी नाही. (टूथपेस्टही याच घरातली.) फ्रेंच ‘पाते’वरून इंग्रजीत ‘पॅटी’ आली. तिचं अनेकवचन ‘पॅटीज’. आपण ते खुशाल एकवचन मानलं आणि ‘एक पॅटिस द्या’ म्हणू लागलो. उपासाला तर साबुदाण्याशीही त्याचं लग्न लावलं!

खरी गंमत शब्दाच्या अर्थामध्ये आहे. पेस्ट्री म्हणजे मुळात लोणी घालून मळलेलं, लाटलेलं, भाजलेलं पीठ. आपल्याकडे मात्र क्रीम थापलेल्या केकचा तिकोनी तुकडा, वर लालभडक चेरी, ही पेस्ट्री. व्युत्पत्तीच्या कसोटीवर ती नापास. चहात बुडवताच पदर सुटणारी खारी आणि शर्टावर चुरा सांडणारं बटाट्याचं पॅटिस, हीच अस्सल पेस्ट्री.