किशोरवयातील राजकीय आत्मविश्वास

आपल्या बोलण्याने सार्वजनिक कारभारात काही हलू शकते, असा साधारण तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना वाटणारा भरवसा. राज्यशास्त्रात यासाठी ‘राजकीय प्रभावक्षमतेची जाणीव’ असा भारदस्त शब्दप्रयोग आहे. अँगस कॅम्पबेल, जेराल्ड गुरिन आणि वॉरन मिलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९५२च्या अध्यक्षीय निवडणुकीवरील आपल्या १९५४च्या ग्रंथात ही कल्पना मांडली. त्यांचा विषय प्रौढ मतदार होते. मुलांकडे लक्ष नंतर गेले.

या भरवशाचे दोन भाग पडतात. ‘मला यातले कळते, मी बोलू शकते’ हा अंतर्गत भाग आणि ‘बोलले तर तिकडे ऐकणारे कोणी आहे’ हा बाह्य. दोन्ही एकाच मापाने वाढत नाहीत. वक्तृत्वस्पर्धेत ढाल जिंकणारी मुलगी पंचायत कार्यालयाच्या पायरीवर गप्प होते, तेव्हा तिच्यात शब्दांची वाण नसते.

डेव्हिड ईस्टन आणि जॅक डेनिस यांनी १९६७मध्ये दाखवले, की अमेरिकी मुलांत या जाणिवेच्या खुणा तिसरी-चौथीपासूनच दिसतात, आणि सुस्थितीतील घरांतल्या मुलांत त्या अधिक ठळक असतात. ज्या घरात आईवडील अधिकाऱ्याला प्रश्न विचारतात, तिथले मूल ते पाहूनच शिकते. वर्गाचाही वाटा असतो. १९९९मध्ये २८ देशांतील सुमारे ९०,००० चौदावर्षीय मुलांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. वर्गात मतभेद मोकळेपणाने मांडता येतात असे सांगणाऱ्या मुलांचे नागरिकशास्त्राचे ज्ञान आणि पुढे मतदान करण्याचा इरादा, दोन्ही सरस आढळले. २००९च्या फेरीत मात्र एक खटकणारी गोष्ट दिसली : ज्ञानात मुली बहुतेक देशांत पुढे होत्या, पण ‘मला राजकारण कळते’ असे ठामपणे सांगण्यात मुलगे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या मते (१९७७) कोणत्याही आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम. उपदेश आणि शाबासकी त्यामानाने हलकी. कर्नाटकातील कुंदापूर तालुक्यात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मक्कळ पंचायती’, म्हणजे मुलांच्या पंचायती, या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेच्या आणि काम करणाऱ्या मुलांच्या ‘भीमा संघा’च्या पुढाकाराने त्या उभ्या राहिल्या. मुले मतदान करून आपले प्रतिनिधी निवडत आणि गावाच्या पंचायतीपुढे गाऱ्हाणी मांडत. ती अगदी पायाखालची असत : पावसाळ्यात ओढा भरला, की शाळेच्या वाटेवरचा साकव ओलांडायचा कसा, सरपण आणण्यात सकाळ जाते त्याचे काय, दारूच्या दुकानाचे काय. मोठ्यांना साकव दिसत होताच. रोज त्यावरून दप्तर घेऊन जाणारे मात्र कोणी त्यांच्यात नव्हते. पुढे राज्य सरकारने ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा घेण्याचे आदेश दिले.

उलट अनुभवही नोंदलेला आहे. जोसेफ काने आणि जोएल वेस्टहायमर यांनी २००६मध्ये अमेरिकेतील नागरिकशिक्षणाच्या उपक्रमांविषयी लिहिले. ज्या विद्यार्थ्यांचे काम मार्गी लागले, त्यांचा भरवसा वाढला. ज्यांना अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, त्यांचा घटला. शिक्षकांपुढचा पेच यातून उघड होतो. यश मिळेल असेच सोपे विषय दिले, तर सत्तेशी गाठ पडत नाही. खरे विषय दिले, तर हात हलवत परतण्याची पाळी येते.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत बालमंत्रिमंडळाची प्रथा परिचित आहे. चिठ्ठ्या टाकून, क्वचित मोबाइलवरच्या मतदानयंत्रावर बोट दाबून, मुले मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री निवडतात. बरेचदा मंत्रिपद परिपाठाच्या रांगा लावण्यापुरतेच उरते. गळका नळ दुरुस्त व्हावा म्हणून स्वच्छतामंत्र्याने लिहिलेला अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचला गेला, तर गोष्ट वेगळी.

मतदानाचे वय हाही या चर्चेचा भाग आहे. ऑस्ट्रियाने २००७मध्ये ते १६वर आणले. स्कॉटलंडमध्ये २०१४च्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी मत दिले. भारतात एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९मध्ये ते २१वरून १८ झाले. २०२२पासून सतरा वर्षे पूर्ण केलेल्यांना मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. नाव मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच चढते.