उत्तरकथेचे बळ आणि मर्यादा : ‘उषःकाल’नंतरचा मावळा

मराठी कादंबरीच्या पहिल्या पर्वावर अद्भुतरम्यतेचे निर्विवाद प्रभुत्व होते. ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) यांसारख्या कृतींतील अवकाश कोणत्याही नकाशावर सापडत नाही. ‘मोचनगड’ने (1871) ही रम्यता शिवकाळात आणली आणि हरिभाऊ आपटे यांनी ‘उषःकाल’मध्ये (1895-97) तिला सह्याद्रीची भूमी दिली. ‘गड आला पण सिंह गेला’ (1903-04) ही पात्रांच्या सलगतेने ‘उषःकाल’ची उत्तरकथा नव्हे, परंतु स्वराज्याच्या त्याच महाकथेचा पुढील अध्याय म्हणून ती वाचली गेली. तिचे मूल्यमापनही त्याच नात्याने व्हावयास हवे.

‘उषःकाल’मध्ये इतिहास पार्श्वभूमीला आहे. किल्लेदाराचा मुलगा नानासाहेब हे कल्पित पात्र असल्याने त्याचे भवितव्य वाचकाला अज्ञात राहते. उत्तरकथेला ही मोकळीक नाही. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघरी पोहोचविलेली तानाजीची कथा, आणि शीर्षकातच सांगून टाकलेला शेवट! मग उत्कंठा कोठून आणावयाची? आपटे ती कमलकुमारीच्या कल्पित उपकथानकातून आणतात. सती जाण्यास निघालेली रजपूत स्त्री आणि तिचे हरण करणारा उदेभानू ही योजना अद्भुतरम्य परंपरेतूनच आलेली आहे. तिने कथेला गती मिळते. परंतु राजकीय संघर्षाला एका खलपुरुषाच्या वासनेचे कारण चिकटते. हा या कृतीचा मुख्य दोष होय.

या दोषाचे स्वरूप मावळच्या इतिहासावरून स्पष्ट होते. पुरंदरच्या तहात (1665) दिलेल्या 23 किल्ल्यांत कोंढाण्याबरोबर लोणावळ्याच्या परिसरातील लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हेही होते. 1670 ची मोहीम म्हणजे एका गडाची नव्हे, तर गमावलेल्या प्रदेशाची परतफेड होती. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील शेतकरी-शिपाई तिचा कणा होते. कथेचा भर एका गडावर आणि एका वीरावर एकवटल्यामुळे हा मावळा निष्ठावान समूह म्हणून उरतो. व्यक्ती म्हणून तो फारसा प्रकटत नाही.

तथापि, उत्तरकथेचे बळही या एकवटण्यातच आहे. ‘उषःकाल’चा पसारा येथे आटोक्यात येतो. रायबाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघणारा तानाजी हा घर आणि स्वराज्य यांच्यामधील ताण प्रत्यक्ष जगतो; येथे सामाजिक कादंबरीकार आपटे ऐतिहासिक कादंबरीकाराच्या मदतीला धावून येतात. 1863 पासून आगगाडीने बोरघाट ओलांडणाऱ्या नव्या मध्यमवर्गाला डब्यातून दिसणारे डोंगर अशा कृतींनी स्मृतिस्थळे म्हणून परत दिले.

पुढे ‘सूर्योदय’ (1905-06) आला आणि ‘सूर्यग्रहण’ (1908-09) अपूर्ण राहिले. ज्ञात इतिहासाची उत्तरकथा घटनांच्या उत्कंठेवर तगत नाही, माणसांच्या अज्ञात अंतरंगावर तगते. रायबाच्या मांडवात आपट्यांना ते गवसले होते. मावळच्या झोपडीपर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. नंतरच्या शिवकालीन कादंबरीने बहुधा त्यांची भव्यता उचलली, ही उणीव तशीच राहिली.