अडकित्त्यांचा संग्रह

अडकित्ता हे सुपारी कातरण्याचे, दोन दांड्यांचे हातातील साधन आहे. दांड्या एका टोकाला खिळीने जोडलेल्या असतात. वरच्या दांडीला धारदार लोखंडी पाते असते, तर खालची बोथट दांडी सुपारीला आधार देते. पाश्चात्त्य ‘नटक्रॅकर’ कवच फोडतो. अडकित्ता मात्र सुपारीचे काप करतो. जर्मनीतील एर्झगेबिर्ग्य भागात लाकडी सैनिकांच्या रूपातील नटक्रॅकर जसे सणाची शोभा म्हणून जमवले जातात, तसेच भारतात जुने पितळी अडकित्ते जमवले जातात.

नाव

कन्नडमध्ये ‘अडिके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्तरि’ म्हणजे कात्री. मराठी शब्दाचा संबंध याच शब्दकुळाशी आहे. हिंदीत ‘सरौता’, गुजरातीत ‘सूडी’, तमिळमध्ये ‘पाक्कुवेट्टी’ व मलय भाषेत ‘काचिप’ अशी नावे आहेत. पेचात अडकलेल्या माणसाला मराठीत ‘अडकित्त्यात सापडला’ असे म्हणतात.

वळसंग परिसर व वेळ अमावस्या

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील गाव आहे. या सीमाभागात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि लगतच्या कर्नाटकात मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या साजरी होते. रब्बीची पिके शिवारात उभी असताना कुटुंबे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांच्या रूपात दगड मांडून पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील यांचे वनभोजन होते. पूजेत सुपारी अखंडच ठेवतात. कातरलेली चालत नाही. त्यामुळे अडकित्त्याचे काम पूजेत नसून जेवणानंतरच्या विड्यात असते. सणाशी त्याचे नाते आहे ते पाहुणचारापुरते, ही बाब संग्राहकांच्या वर्णनांत अनेकदा निसटते.

घडण व अलंकरण

साधा अडकित्ता संपूर्ण लोखंडी असतो. शोभिवंत प्रकारात पाते लोखंडी आणि अंग पितळी असते. मोर, पोपट, घोडा, घोडेस्वार, स्त्री-पुरुषाची जोडी हे आवडते आकार. काहींना घुंगरे लावलेली असतात, तर काहींच्या दांडीत चुन्याची डबी बसवलेली असते. गुजरातमधील जामनगर सूडीसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

प्रमुख संग्रह

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी सुमारे 1920 पासून दिवे, भांडी, कुलुपे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवल्या. संग्रहालयाला त्यांच्या अकाली वारलेल्या मुलाचे, राजाचे नाव आहे. हा संग्रह त्यांनी 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकीच माजघरातील वस्तूही जपण्याजोगी आहे, ही दृष्टी त्या काळी विरळ होती. परदेशात गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग (1913–1998) यांनी भारत व आग्नेय आशियातील अडकित्त्यांचा मोठा संग्रह केला. त्यावर हेन्री ब्राउनरिग यांचे सचित्र पुस्तक आहे.

ऱ्हास व जतन

कातरलेली सुपारी पुड्यांतून मिळू लागल्यावर घरोघरचा अडकित्ता मागे पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारी मानवात कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. वस्तू जपणे म्हणजे सवय जपणे नव्हे. अनेक जुने नग पितळेच्या वजनावर मोडीत जातात, आणि त्यांबरोबर ते कोणाच्या घरचे, कोठे घडवलेले, ही माहितीही नाहीशी होते. नग घेतानाच गाव व घराण्याची नोंद केल्यास तो पुढे अभ्यासास उपयोगी पडतो.

चिंचेने वारंवार घासल्यास बारीक कोरीवकाम झिजते. पात्याला तेलाचा पातळ हात पुरेसा असतो. नव्या नकला जुन्या म्हणून विकल्या जातात. खऱ्या वापराची झीज खिळीजवळ, पात्याच्या मध्यावर आणि अंगठा टेकतो तेथे दिसते. सर्वत्र सारखा काळेपणा संशयास्पद समजावा. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत.