पाल आणि पल्ली

वर्गात गुरुजींनी "संस्कृतात पल्ली म्हणजे पाल" असे सांगावे आणि मागच्या बाकावरून एखाद्याने "मग एटापल्ली म्हणजे पालींचे गाव का हो?" असे विचारावे, हे आपल्या भागात साहजिक आहे. एटापल्ली, आलापल्ली ही गावे आज गडचिरोलीत. १९८२ पर्यंत ती चंद्रपूर जिल्ह्यातच होती.

प्रश्न वेडगळ नाही. संस्कृत कोशात 'पल्ली'चे दोन्ही अर्थ आहेत : घरातली पाल आणि लहानसे गाव. पहिल्या अर्थाची पल्ली मराठीत पाल झाली. 'रात्री'ची प्राकृतात 'रत्ती' आणि मराठीत 'रात' झाली, तीच ही वाट. जुना शब्द मात्र पंचांगात टिकला आहे. अंगावर पाल पडली तर फळ काय, हे सांगणारे 'पल्लीपतन' तिथे आजही छापतात. (पालीला यातले काही ठाऊक नसते, ती बिचारी किड्यामागे धावताना पडते!)

पण संस्कृतात तरी हा शब्द कुठून आला? तमिळात पाल म्हणजे 'पल्लि', कन्नडात 'हल्लि', तेलुगूत 'बल्लि'. बरो आणि एमेनो या पंडितांनी १९६१ साली द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश छापला, त्यात हे शब्द एका कुळात मांडले आहेत. संस्कृताने तो दक्षिणेकडून उचलला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सिरोंच्याचे पोर भिंतीकडे बोट दाखवून "बल्ली" म्हणते, तेव्हा ते आपल्या पालीचा बिघडलेला उच्चार करीत नसते. त्याच्या घरचा शब्द मूळच्या कुळातलाच आहे. त्याला पाल जरूर शिकवावी, पण "शुद्ध बोल" म्हणून दटावू नये.

आता गावाची पल्ली. तमिळात पाल 'पल्लि' आणि वस्ती 'पळ्ळि'. कन्नडात पाल 'हल्लि' आणि खेडे 'हळ्ळि'. एका 'ळ'ने दोन शब्द वेगळे राहतात. हुबळी-धारवाडकडचा माणूस यात चुकत नाही. अभिजात संस्कृतात 'ळ' नाही, तेव्हा तिथे दोन्ही एकाच रूपात येऊन बसले. तेलुगूतही गावाच्या नावात 'ल्ल'च येतो, आणि तसाच तो आपल्या पाट्यांवर दिसतो. पण तेलुगूत भिंतीवरची ती 'बल्लि' आणि गावाची ती 'पल्लि'. म्हणून मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाने वर्ग हसला, तरी सिरोंच्याच्या पोराला त्यात हसण्यासारखे काही सापडणार नाही.