नाताळची सुटी आणि मुलांची पहिली मुंबई



'नाताळ' हा शब्द आपण इतका सहज उच्चारतों कीं, तो परका आहे ह्याची आठवणही राहत नाहीं. वसई, साष्टी, मुंबई आणि गोवें ह्या भागांत पोर्तुगिजांचा अंमल होता त्या काळांत त्यांच्या भाषेंतून तो मराठींत आला आणि येथलाच होऊन बसला. १६६१ सालच्या विवाहकरारानें मुंबई इंग्रजांची झाली व १६६५ सालीं ती प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यांत आली. पुढें साहेब लोक हा सण थाटानें साजरा करूं लागले, तरी मराठी माणसानें त्याला पोर्तुगीज नांवच कायम ठेवलें. मग ह्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, आणि त्याचा ख्रिस्तजन्माशीं फारसा संबंध नाहीं. पुण्याच्या, नाशिकच्या, रत्नागिरीच्या शाळेंतील मुलाला नाताळ म्हणजे डिसेंबरअखेरची सुटी; आणि ज्याचें दैव अनुकूल असेल त्याला त्या सुटींत मुंबई!

वडिलांचें बोट धरून एखादें आठ-नऊ वर्षांचें मूल प्रथम महानगर पाहतें, हा प्रसंग बखरींत येत नाहीं कीं गॅझेटियरांत येत नाहीं. परंतु तो घडून येण्यास डोंगर फोडावे लागले, समुद्रावर आगबोटी आणाव्या लागल्या आणि सरकारी कचेऱ्यांचें कॅलेंडर हिंदु घराच्या आंत शिरावें लागलें. तेव्हां त्याचाही इतिहास आहे, आणि आज मी आपणांस तोच थोडासा सांगणार आहें.

हा प्रवास नाताळांतच कां? दिवाळी ही घरची; त्या दिवसांत घर सोडून जाणें आपल्या आजींना मुळींच रुचलें नसतें. मे महिन्याच्या सुटींत उलट मुंबईची माणसें आंबे-फणस खावयास गांवीं येत. पावसाळ्यांत कोकणचा समुद्र बंद. राहतां राहिला डिसेंबर. खरीप घरांत आलेला, समुद्र शांत, हवा थंड; आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या सणामुळें कोर्टें, कचेऱ्या आणि शाळा ह्या एकाच वेळीं बंद. कारकून, वकील व शिक्षक असे जे नव्या पांढरपेशा वर्गांतले बाप, त्यांना आपल्या मुलांबरोबर एकदम मोकळीक मिळे. रेल्वे कंपन्यांनीं हें हेरलें आणि नाताळाकरितां परतीच्या तिकिटांवर सवलत देण्याचा प्रघात पाडला. ज्या सणाशीं आपला कांहीं संबंध नाहीं त्याच्या सवलतीचा लाभ घेण्यास आपल्या वडिलांनीं कधीं संकोच केला नाहीं, आणि तें योग्यच केलें.

देशावरच्या मुलाच्या वाटेंत प्रथम बोरघाट येई. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली. १८५८ त पुणें ते खंडाळा हा रस्ता झाला. पण मधला घाट तसाच राहिला. गाडींतून खंडाळ्यास उतरावें, पालखींतून किंवा तट्टावरून घाट उतरून खोपोलीस यावें आणि तेथें पुन्हा गाडींत बसावें, असा प्रकार पांच वर्षें चालला. मुलांना घेऊन असा प्रवास हौसेनें कोण करणार? १८६३ सालीं घाटाचा मार्ग पुरा झाला. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे. हें काम ज्या कंत्राटदारानें घेतलें होतें तो सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं हिंदुस्थानांत येतांच थोड्या दिवसांत मरण पावला, आणि त्याच्या विधवेनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, दोन अभियंत्यांच्या हातून तें तडीस नेलें. कॉलऱ्यानें व अपघातांनीं मेलेल्या मजुरांची तर हजारांनींच गणना. मुलें बोगदा आला कीं ओरडत आणि उजेड दिसला कीं टाळ्या पिटीत. आजही पिटतात. त्या काळोखाला किती मोल पडलें हें त्यांना कोणी सांगत नाहीं, आणि त्या वयांत सांगूंही नये.

ह्याच १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचें 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालें. १८८९ त आचार्य आणि शिंगणे ह्यांचा 'मुंबईचा वृत्तांत' निघाला. गाडी जाऊं लागली त्याच वर्षीं शहराची माहितीही मराठींत मिळूं लागली, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. मुंबई पाहण्याआधीं ती वाचतां येऊं लागली!

कोकणच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला घाट नव्हता, पण दर्या होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशा बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही. पडावांत बसून तिच्यापर्यंत जावयाचें आणि खलाशानें लाटेचा अंदाज घेऊन मुलाला उचलून वर द्यावयाचें. एका क्षणीं मूल आईच्या हातांत नाहीं आणि बोटीवरही नाहीं, असें होई. माझे आजोबा रत्नागिरीच्या बाजूचे. मुंबईचें त्यांना काय आठवे असें विचारलें, तर ते ह्याच क्षणाचें वर्णन करीत. राजाबाई टॉवर वगैरे मागाहून. ही भीति पोकळ नव्हती. १९२७ च्या नोव्हेंबरांत वादळांत सांपडून 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या. त्यानंतर सहा आठवड्यांनीं नाताळ आला. त्या सुटींत कोकणांतील आयांनीं मुलांना पडावांत कसें बसूं दिलें असेल, ह्याचा विचार आपणच करावा.

बोट भाऊच्या धक्क्याला लागे, गाडी बोरीबंदरला. बोरीबंदरचें स्टेशन म्हणजे प्रथम येणाऱ्या मुलाला राजवाडाच. १८७८ त बांधकामास आरंभ झाला आणि पुरें होण्यास दहा वर्षें लागलीं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा त्याचा शिल्पकार. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ बसविलेला आहे. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, असा त्यांतला आशय. मुलांचा वाद मात्र ह्यांतला जिंकेल कोण, एवढाच असे. आणि त्या वादाचा निकाल १९४७ सालीं लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

बाहेर पडलें कीं ट्राम. १८७४ च्या मे महिन्यांत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत पहिलें भाडें तीन आणे होतें. १९०७ त घोडे गेले आणि वीज आली. १९२० त दुमजली ट्राम निघाली. वरच्या मजल्यावरील अगदीं पुढची जागा मिळविणें हें गांवाकडून आलेल्या मुलाच्या आयुष्यांतलें पहिलें नागरिक साहस. घोडा नाहीं, धूर नाहीं, बैल नाहीं, आणि गाडी तर चालली आहे! आमच्या आजोबांनीं ट्रामचें तिकीट गणिताच्या पुस्तकांत घालून ठेविलें होतें आणि वर्गांतल्या मुलांना तें सुटें हातांत न देतां पुस्तकासकट दाखवीत.

क्रॉफर्ड मार्केट नाताळाच्या आठवड्यांत पाहावें. १८६९ त बांधलेल्या ह्या मंडईंत फळांच्या राशी, पिंजऱ्यांतील पक्षी आणि गिऱ्हाइकांची दाटी. दारावर शेतकऱ्यांचीं दगडी चित्रें कोरलेलीं आहेत, तीं जे. जे. कलाशाळेंतील लॉकवुड किप्लिंग ह्यांनीं आंखलेलीं. त्यांचा मुलगा रुडयार्ड हा मुंबईंतच, १८६५ सालीं ३० डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या सुटींतच जन्मला. १८८२ सालीं ह्या मंडईंत विजेचे दिवे लागले. घरीं पणती किंवा कंदील पाहिलेल्या मुलानें त्या उजेडांत सफरचंद पाहिलें म्हणजे तें खावें कीं नुसतें पाहावें, हें त्याला कळत नसेल.

आणि खुद्द सण? त्याची गांठ गिरगांवांत किंवा वांद्र्यास पडे. गांवाकडील मुलाची समजूत अशी कीं ख्रिस्ती म्हणजे गोरा साहेब. गिरगांवच्या खोताच्या वाडींत लांकडी जिन्यांचीं घरें, गॅलरींत टांगलेला कागदी तारा, आंत करंज्या आणि कुलकुल तळण्याचा वास. आणि घरांतली म्हातारी बोलते ती मराठी! हे मुंबई-साष्टीचे मूळचे रहिवासी; १८८७ पासून त्यांनीं स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलें, पण घरची बोली मराठी ठेवली. करंजी घरच्यासारखी आणि देव मात्र निराळा, ह्या शोधानें एखाद्या मुलाच्या मनांत जी उलथापालथ होई, ती भूगोलाच्या दहा धड्यांनीं होणार नाहीं.

ह्याच सुटीनें राजकारणालाही हात दिला. वकील मंडळी मोकळीं असत म्हणून राष्ट्रीय सभा नाताळांत भरे. पहिलें अधिवेशन पुण्यास व्हावयाचें होतें. तेथें कॉलरा उद्भवल्यामुळें २८ डिसेंबर १८८५ रोजीं तें मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेंत भरलें. प्रतिनिधि अवघे ७२. पुढें १८८९, १९०४ व १९१५ सालींही मुंबईचीं अधिवेशनें नाताळांतच झालीं आणि १९०४ त त्याला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरलें. अधिवेशनास निघालेल्या वडिलांबरोबर एखादा मुलगा आला, तर त्याला यंत्रेंही दिसत आणि पुढारीही. भाषणांत तो झोंपी गेला असेल, तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

येथपर्यंत चित्र गोड आहे. परंतु १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगास ह्यांनीं प्लेगाचा रोगी ओळखला आणि त्या नाताळांत गाड्यांची गर्दी उलट दिशेची झाली. लोक मुंबईला येत नव्हते, मुंबईंतून पळत होते. कांहीं महिन्यांत लाखों माणसांनीं शहर सोडलें. स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकीन ह्यांनीं आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. ह्या रोगाची एक क्रूर खोड अशी कीं, तो थंडींत वाढे आणि उन्हाळ्यांत ओसरे. म्हणजे मुलांना मुंबई दाखविण्याचा जो उत्तम काळ, तोच मरणाचाही. पुढें पुष्कळ वर्षें प्लेग दर हिंवाळ्यास परत येत राहिला. 'यंदा नको, पुढच्या नाताळांत नेऊं' हें वाक्य त्या पिढींतील किती मुलांनीं ऐकलें असेल! आणि पुढच्या नाताळांत नेणारा बाप किंवा जाणारें मूल ह्यांपैकीं एक जण उरलेला नसेल, अशींही घरें होतीं.

शिवाय सर्वच मुलें मुंबई पाहावयास येत नसत. त्याच बोटींतून, त्याच धक्क्यावर, कित्येक मुलें गिरणींत कामास लागण्याकरितां उतरत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरविले. १८९१ त ही मर्यादा नऊ वर्षांवर आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातांवर आले. मनाई करावी लागली ह्यावरूनच पूर्वींची स्थिति समजावी. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळें १८९० च्या जूनपासून गिरणी-कामगारांना रविवारची सुटी मिळूं लागली. एकाच वयाचीं दोन मुलें, एकाच गांवचीं. एकाला मुंबई म्हणजे ट्रामचा वरचा मजला, दुसऱ्याला मुंबई म्हणजे पहांटेचा भोंगा. सुटीच्या आठवणी लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनीं पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिलें आहे. दुसऱ्याला लिहितां येत नव्हतें, म्हणून त्याची हकीकत कायद्याच्या कलमांतून शोधावी लागते.

चित्रपटाचा उल्लेख केल्यावांचून हें आख्यान पुरें होणार नाहीं. १८९६ च्या जुलैंत वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. तिकीट एक रुपया, म्हणजे सामान्य मुलाच्या आवांक्याबाहेरचें. चौदा-पंधरा वर्षांत हीं चित्रें गिरगांवांत आलीं. तेथील एका चित्रगृहांत त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. हा प्रसंग कांहीं लेखक नाताळांतला मानतात, तर कांहीं १९११ च्या ईस्टरमधला. पण त्या दिवसांत थोरल्या मुलास घेऊन फाळके चित्रें पाहावयास गेले होते, आणि पडद्यावर ख्रिस्त पाहतांना त्यांना राम-कृष्ण दिसूं लागले. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतच कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लागला. मुलाला करमणूक दाखविण्यास निघालेला बाप स्वतःच धंदा बदलून परत आला, असें ह्याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

शेवटीं राणीची बाग. १८६२ सालीं ती उघडली. १८७२ त शेजारीं वस्तुसंग्रहालय झालें, त्याला १९७५ सालीं डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव देण्यांत आलें. संग्रहालयाच्या आवारांत दगडी हत्ती आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनीं घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलें, तोच हा. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याकरितां उचलूं लागले, तों तो खालीं पडून त्याचे तुकडे झाले; ते जोडून १९१४ त येथें त्याला उभा केला. कोटांतील सातव्या एडवर्डचा घोड्यावरील पुतळा, ज्याला १८७९ पासून मुलें 'काळा घोडा' म्हणत आलीं, तोही १९६५ सालीं ह्याच बागेंत आणून ठेवण्यांत आला. त्याच्या आदल्या वर्षीं, ३१ मार्चला, मुंबईची शेवटची ट्राम धांवली होती. कोंकणांतून मुलें आतां आगगाडीनें येतात. तो मार्ग १९९८ त संपूर्ण खुला झाला. बागेलाही आतां वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे. तरी मुलांना घेऊन निघालेला कोणीही बाप टॅक्सींत बसतांना 'राणीची बाग' असेंच म्हणतो. काळ्या घोड्याच्या जुन्या जागेवर २०१७ सालीं नवा घोडा उभा राहिला आहे, आणि त्याच्या पाठीवर कोणीही बसलेलें नाहीं.