शेवटी उतरणारा

अमेरिकेत पाच सेंटांच्या नाण्याला एके काळी बोलीभाषेत 'जिटनी' म्हणत. पुढे हे नाव नाण्याचे सुटले आणि एका वाहनाला चिकटले. विमानतळावरून पाचसात अनोळखी माणसांना एकत्र बसवून ज्याला त्याला आपापल्या दारात सोडणाऱ्या ज्या गाड्या आज आपल्या ओळखीच्या झाल्या आहेत, त्यांच्या आजोबांचे हे नाव.

1914 सालच्या 1 जुलैला लॉस एंजलिस शहरी एल. पी. ड्रेपर नावाच्या गृहस्थांनी आपल्या फोर्ड मोटारीत रस्त्यावरच्या एका माणसाला घेतले, थोड्या अंतरावर सोडले आणि एक नाणे खिशात टाकले. गृहस्थ सावध. हे कायद्यात बसते की नाही याची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. दिवस मंदीचे होते. हाताला काम नसलेल्या पुष्कळांनी ही युक्ती उचलली. ट्रामच्या थांब्यावर माणसे ताटकळत उभी असत. ट्राम यायच्या जरा आधी ही मोटार तेथे येई आणि ट्रामच्याच भाड्यात त्यांना लवकर पोहोचवी. 1915 साली देशभर अशा सुमारे 62,000 मोटारी धावत होत्या.

ट्रामकंपन्या गप्प कशा बसतील? त्यांनी नगरपालिकांकडे धाव घेतली. परवाना हवा, जामीन हवा, मार्ग ठरलेला हवा, इतके तास गाडी चाललीच पाहिजे, असे नियमांवर नियम आले आणि 1918 च्या अखेरीस सहा हजार मोटारीही उरल्या नाहीत. ट्रामवाल्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मला वाटत नाही. त्यांना कर भरावा लागे, रुळांमधला रस्ता दुरुस्त ठेवावा लागे. जिटनीवाला तेवढी मलई खाऊन जाई. पण ज्याचे पोट त्या मोटारीवर होते, त्याला हा हिशेब कोण समजावणार?

गंमत पुढेच आहे. जिटनीला हुसकावणारी ट्रामही त्या शहरात टिकली नाही. लॉस एंजलिसची शेवटची जुनी ट्राम 1963 च्या मार्चमध्ये बंद पडली. शहर मैलोगणती पसरले होते आणि प्रत्येकाने स्वतःची मोटार बाळगावी अशी तेथली रीत पडली होती. तशात 1978 साली अमेरिकन सरकारने विमानभाड्यांवरचे आपले नियंत्रण काढून घ्यायला सुरुवात केली. तिकिटे उतरली आणि कारकून, विद्यार्थी, म्हाताऱ्या आयासुद्धा विमानाने जाऊ लागल्या. विमान स्वस्त झाले. विमानतळावरून घरी जाणे मात्र महागच राहिले. ही फट मिचेल राऊस यांनी हेरली आणि 1983 साली 'सुपरशटल' नावाची कंपनी काढली. निळ्या रंगाच्या त्या गाड्या विमानतळाच्या घोड्याच्या नालेसारख्या रस्त्यावरून इमारतीइमारतींपुढे थांबत, एका बाजूच्या उतारूंना गोळा करीत आणि एकेकाला घरी सोडीत निघत. एकट्याच्या टॅक्सीपेक्षा भाडे बरेच कमी. उरलेली किंमत उतारू आपल्या वेळाने चुकवी.

ही किंमत मी जवळून पाहिली आहे. परदेशाहून येणाऱ्या पुष्कळ पुणेकरांना मुंबईलाच उतरावे लागते, आणि सहारहून पुण्यापर्यंत अशा सामाईक गाड्या चालतात. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर हा प्रवास पुष्कळ सोपा झाला. दुबईला धाकट्या भावाकडे जाऊन परतताना मध्यरात्री मी अशाच एका गाडीत बसलो. आम्ही सहाजण. तासभर गाडी हललीच नाही, कारण सहावा उतारू सामानाच्या पट्ट्यापाशी अडकला होता. तो आला तेव्हा कोणी त्याच्याशी धड बोलेना. खंडाळ्याला चहा झाला तेव्हा कुठे तोंडे उघडली. कोणाची मुलगी बाळंतीण, कोणाची नोकरी सुटलेली. मग चिंचवड, औंध, कोथरूड. एका बाईंच्या कडेवर तापलेले मूल होते, म्हणून आधीच्या दोघांनी आपले नंबर सोडले. सहकारनगरला मी शेवटचा उतरलो तेव्हा दूधवाले फिरू लागले होते. "फार उशीर झाला हो," असे मी ड्रायव्हरला म्हणालो.

"सर, मला अजून सकाळची माणसं घेऊन परत सहारला जायचंय," तो म्हणाला.

या ड्रायव्हर मंडळींचा इतिहास उतारूंच्या गोष्टीत दडून जातो. सुपरशटलने कालांतराने गाड्या चालविणाऱ्यांना नोकर न ठेवता मक्तेदार केले. डलास-फोर्ट वर्थच्या विमानतळावर गाडी ड्रायव्हरने स्वतः आणायची, कंपनीला आठवड्याची ठरावीक रक्कम द्यायची आणि उरेल ते आपले म्हणायचे. उतारू मिळोत वा न मिळोत, ती रक्कम चुकत नसे. आम्ही कंपनीचेच नोकर आहोत, आम्हाला संघटना करू द्या, अशी तेथल्या ड्रायव्हरांची मागणी अमेरिकेच्या श्रमसंबंध मंडळापुढे गेली. 25 जानेवारी 2019 रोजी मंडळाने निकाल दिला: हे नोकर नव्हेत, स्वतंत्र धंदेवाईक आहेत. गाडी त्यांची, वेळ त्यांची, कमाई त्यांची, असे कारण दिले होते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. मला त्या कायद्यातले बारकावे कळत नाहीत. पण गाडी माझी आणि दर आठवड्याचे देणेही माझे, तर मालक नेमका कोण, एवढा प्रश्न मलाही पडतो.

तोवर नवा प्रतिस्पर्धी आला होता. फोनवर बोट ठेवताच दारात येणाऱ्या मोटारी. एकट्याने जा, वाट पाहू नका, कोणाच्या मुलाचा ताप सोसू नका. 1914 साली ट्रामचे जे झाले, तेच आता निळ्या गाड्यांच्या वाट्याला आले. 31 डिसेंबर 2019 रोजी सुपरशटलची ती जुनी सेवा थांबली.

ड्रायव्हरांविरुद्धचा तो निकाल मंडळाने 2023 च्या जूनमध्ये दुसऱ्या एका खटल्यात फिरविला. तेव्हा निळ्या गाड्या थांबून साडेतीन वर्षे होत आली होती.