नक्कल झाली, रुजवात राहिली

१/
भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या कागदाची प्रमाणित नक्कल घेतली, की तिच्या तळाशी दोन वेगळ्या नोंदी दिसतात : ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. एकाने उतरवायचे, दुसऱ्याने ते मुळाशी ताडून पाहायचे. या दुसऱ्या नोंदीचे मोल मला कागलमध्ये कळले, आणि उशिरा कळले. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/
कागल कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बेंगळुरू महामार्गावर, कर्नाटकच्या सीमेलगत. ही घाटग्यांची जहागीर. याच घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. तेच राजर्षी शाहू. अशा गावात इतिहास केवळ वाड्यात नसतो. कारकून, पाटील, इनामदार यांच्या माळ्यांवरही मोडी कागदांची रुमाले बांधलेली सापडतात.

३/
असेच एक दप्तर एका जुन्या घरात होते. घर उतरवायचे ठरले होते, वाटण्या झाल्या होत्या आणि कागदही तीन बिऱ्हाडी जाणार होते. मला दोन खेपांत छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली. पहिल्या खेपेची छायाचित्रे मी एका मोठ्या झिप फाइलमध्ये बांधली व बाह्य हार्ड डिस्कवर उतरवली. काम पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले. मग लॅपटॉपवरील फाइल पुसली, कॅमेऱ्याचे कार्डही रिकामे केले.

४/
दुसऱ्या खेपेची फाइल डिस्कवर उतरवल्यानंतर सहज उघडून पाहिली. ‘सीआरसी त्रुटी’ असा संदेश आला. घाबरून पहिली उघडली. तिचीही तीच गत. दुसऱ्या खेपेची मूळ छायाचित्रे अजून कार्डावर होती. पहिल्या खेपेची नव्हती. तिच्यातून जे हाती लागले, त्यातील कित्येक कागद वरून अर्धेच वाचता येतात. खाली नुसता करडा पट्टा.

५/
हे दुखणे संगणकाने आणलेले नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील (इ. स. १२९०). पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती हाताने उतरवली गेली आणि प्रतींत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, असे त्यांनी शेवटी नमूद केले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असेही बजावले.

६/
हेच काम विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारतासाठी केले. १९१९ मध्ये प्रारंभ, १९२५ पासून वि. स. सुखठणकर प्रमुख संपादक, १९६६ मध्ये पूर्तता. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. या साऱ्या खटाटोपामागचे सूत्र साधे आहे : एकाच प्रतीकडे कितीही निरखून पाहिले तरी तिच्यातील चूक बहुधा कळत नाही. शेजारी दुसरी प्रत ठेवावी लागते.

७/
दप्तरातील कारकुनांनाही हे ठाऊक होते. रक्कम आकड्यांत लिहायची, पुन्हा अक्षरी लिहायची. मजकूर संपला तेथे ‘मर्यादेयं विराजते’ यासारखी मोर्तबाची मुद्रा उमटवायची, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू शकत नाही आणि कागद तळाशी फाटला असेल तर तेही लगेच कळते. अर्थाच्या दृष्टीने हे जास्तीचे लेखन. परंतु खरेखोटे ठरते ते त्याच्याच आधारे.

८/
संगणकशास्त्राने हेच तत्त्व गणितात मांडले. १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी चूक ओळखून ती दुरुस्तही करणाऱ्या संकेतांवर निबंध प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी सीआरसीची पद्धत मांडली : मजकुरावर ठरावीक गणित करून येणारी छोटी संख्या मजकुरासोबतच ठेवायची व वाचताना तेच गणित पुन्हा करायचे. माझी झिप फाइल बिघडल्याचे मला सांगितले ते याच संख्येने.

९/
येथे एक रास्त शंका येते. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीतही माहितीच्या प्रत्येक पुडक्यासोबत सीआरसी जाते. पुडके वाटेत बिघडले, तर ते पुन्हा पाठवले जाते. मग बिघाड शिरला कोठून?

१०/
याचे उत्तर १९८४ मधील एका निबंधात आहे. लेखक साल्टझर, रीड आणि क्लार्क, संस्था एमआयटी. तेथील जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर तपासणी होती, म्हणून सारे निर्धास्त होते. पण दोन जाळी जोडणाऱ्या एका यंत्रात दोष होता. माहिती एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ठेवताना ते साधारण दहा लाख बाइटांमागे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल करी. तपासणी तारेवर होती, यंत्राच्या पोटात नव्हती. काही फाइली बिघडल्या. अखेर जुन्या छापील प्रती घेऊन माणसांनी त्या ताडून दुरुस्त केल्या. आपल्या भाषेत, रुजवात घातली.

११/
म्हणजे थैलीवर लाखेची मोहोर आहे, जासूदही इमानी आहे. परंतु थैली भरणारा वा उघडणारा चुकला तर मोहोर काय करणार? संगणकाची स्मृती, डिस्कच्या डबीतील चिप, अपुरी वीज, मध्येच उपटलेली तार : या जागी तारेवरचा पहारा पोहोचत नाही. मूळ आणि नक्कल, ही दोन टोकेच एकमेकांशी ताडावी लागतात.

१२/
मी केलेली तपासणी क्रमाने सांगतो. फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढता येतो. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. (विंडोजमध्ये ‘गेट-फाइलहॅश’, लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’.)
• मूळ फाइलचा ठसा दोनदा काढा. दोन्ही वेळा वेगळा आला, तर दोष संगणकाच्या स्मृतीत वा मूळ डिस्कमध्ये.
• नकलेचा ठसा काढण्यापूर्वी डिस्क रीतसर बाहेर काढून पुन्हा जोडा. नाहीतर संगणक स्वतःच्या स्मृतीतील प्रत वाचून ‘सारे ठीक’ सांगू शकतो.
• नकलेचा ठसा दर वेळी बदलला, तर वाचण्याच्या वाटेवर संशय घ्या. दर वेळी तोच पण चुकीचा आला, तर लेखनच चुकीचे झाले आहे.

१३/
माझा ठसा दर वेळी तोच आणि चुकीचा होता. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. तार बदलली, फरक नाही. डिस्क हबऐवजी थेट लॅपटॉपला जोडली, आणि ठसा जुळला. पुन्हा हब लावला, पुन्हा चुकला. हबला स्वतःची वीज नव्हती. यूएसबी २.० चे एक द्वार ५०० मिलिॲम्पिअर देते. त्यातच माउस, कार्ड-वाचक आणि फिरती डिस्क वाटेकरी झाली होती.

१४/
आणखी एक निरीक्षण. फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही, कारण तिच्या लांबीची नोंद ३२ बिटांत ठेवली जाते. ती अडचण आपण होऊन समोर येते : यंत्र नकार देते. खोटी क्षमता छापलेला पेन ड्राइव्ह मात्र सारे निमूट स्वीकारतो आणि आधीचे पुसत जातो. नकार देणारे यंत्र बरे. होकार देऊन बुडवणारे घातक.

१५/
पुढे मी तिन्ही बिऱ्हाडी गेलो. दोन घरांनी कागद पुन्हा समोर ठेवले. तिसऱ्या घरी सामान हलवताना रुमाल अडगळीबरोबर गेला होता. आता त्या कागदांची अर्धी करडी छायाचित्रे हाच पुरावा. खालच्या ओळींत काय असावे याचा अंदाज मला करता येतो. पण प्रबंधात तो भरणार नाही. ‘खालील भाग नक्कल करताना नष्ट’ एवढेच लिहीन, आणि नक्कल करणारा मीच होतो, हेही.

१६/
मित्रहो, आज एवढेच करा. आजोबांच्या कागदांची, जुन्या फोटोंची जी एकमेव प्रत डिस्कवर ठेवून निश्चिंत झालो आहोत, ती उघडून पाहा. मूळ अजून हाताशी असेल, तर ठसे ताडा. रुजवात होईपर्यंत मूळ पुसू नका.

(समाप्त)